रकाना सातमध्ये लिहिण्याजोगे विष मिळण्याबाबत

प्रति,
माननीय इमारत परवानगी अधिकारी,
पूर्णत्व दाखला शाखा, दुसरा मजला,
जिना चढल्यावर उजव्या हाताचे दालन
(खिडकी क्रमांक चार यांच्यामार्फत)

अर्जदार : एक निवृत्त रंगारी, आपल्या दालनाबाहेरील बाकावर डावीकडून दुसरा

विषय : परसातील एका खोलीस पूर्णत्वाचा दाखला मिळणेबाबत, आणि तो देणे अगदीच अशक्य असल्यास सदर खोलीत कोणते विष, किती व कोठे घालावे याचे लेखी मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ :
१) माझे यापूर्वीचे अकरा अर्ज.
२) आपले पत्र, "रकाना सात रिकामा, सबब अर्ज अपूर्ण".
३) आपले पत्र, "'काही नाही' या नावाचा पदार्थ मंजूर यादीत आढळून येत नाही".
४) अन्न तपासणी विभागाचे पत्र, "आपल्या भिंतीचे निव्वळ वजन कळविणेबाबत".
५) माझ्या दारावर लाल रंगात लिहिलेली आपली सूचना.

महोदय,

माझी मुलगी परवा बाळंत झाली. मुलगी झाली असून दोघी सुखरूप आहेत. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता त्यांना दवाखान्यातून घरी सोडणार आहेत, आणि ज्या खोलीत त्यांनी राहायचे त्या खोलीच्या दाराला आपल्या कार्यालयाचे कुलूप व लाखेची मोहोर आहे. ते कुलूप गुरुवारी संध्याकाळपर्यंत काढले जावे, एवढीच माझी विनंती आहे. विनंती अर्जाच्या शेवटी करायची असते हे मला ठाऊक आहे. परंतु खिडकी चारच्या बाई मला म्हणाल्या, "काका, साहेब वरच्या चार ओळी वाचतात आणि शेरा मारतात. जे काय आहे ते वर टाका." म्हणून वर टाकले आहे. खालची कारणे सवडीने वाचावीत. शेवटची दोन कलमे मात्र वाचावीच, कारण शुक्रवारी मी काय करणार आहे ते त्यांत लिहिले आहे.

१. मी चौतीस वर्षे लोकांच्या घरांना रंग दिला. या धंद्यात माझे नाक कामी आले. धंद्याच्या तेविसाव्या वर्षी त्याने काम सोडले, आणि तेव्हापासून मला शेगडीवरचे दूध करपलेले शेजाऱ्यांकडून कळते. छातीचेही तसेच. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून विचारले, "काम काय करता?" मी सांगितले. ते म्हणाले, "दिसतंच आहे."

आमचे घर लहान आहे आणि ते गिऱ्हाइकांच्या उरलेल्या डब्यांनी रंगलेले आहे. स्वयंपाकघर एका बँकेच्या निळ्या रंगात आहे. न्हाणीघर इस्पितळी हिरवे. झोपायची खोली एका शाळेच्या पिवळ्या रंगात असून तिच्यात गेले की अजून परीक्षा असल्यासारखे वाटते. मधला बोळ ज्या तपकिरी रंगात आहे तो तीन गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला होता. प्रत्येक भिंतीवर सहा ते सात हात चढलेले आहेत. हवा दमट झाली की पापुद्रे सुटतात आणि त्यांची पूड पांघरुणांवर पडते.

याच घरात माझी मुलगी लहानाची मोठी झाली. डबे ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे मी ते तिच्या पलंगाखाली ठेवत असे. तिसऱ्या वर्षी तिला दमा लागला. आजूबाजूचे म्हणत, पोरगी नाजूक आहे. पोरगी नाजूक नव्हती, महोदय. पलंगाखाली एकवीस डबे होते. हे मला कळायला फार वर्षे लागली, आणि कळल्यावर ते कोणाला सांगायचे हे कळेना. आता आपणास सांगत आहे.

२. मुलीने दिवस गेल्याचे सांगितले तेव्हा जावई मालवाहू बोटीवर निघाले होते. त्यांची फेरी दहा महिन्यांची असते. तेव्हा बाळासह ती वर्षभर आमच्याकडे राहणार हे ठरले, आणि माझ्या बायकोने घरातल्या चारही भिंतींकडे आळीपाळीने पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला बोलावे लागत नाही. मी दुसऱ्याच दिवशी परसात फावडे घेऊन उतरलो. ज्या वस्तूच्या डब्यावर इशारा छापावा लागतो अशी एकही वस्तू, चमचाभरसुद्धा, या खोलीत वापरायची नाही असे मी ठरवले.

बांधकामाची परवानगी आपणच दिली होती, ती वेळेवर मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. पाया दगड व चुन्याचा आहे. भिंती परसातल्याच मातीच्या, गवत कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, हातभर जाड. आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा. कौलांखाली उबेसाठी मेंढीची लोकर भरली आहे. रंगासाठी साय काढलेले दूध नासवून त्याचा चोथा धुतला, त्यात भिजवलेला चुना घोटला आणि पिवळी माती मिसळली. हा रंग तेलाच्या रंगासारखा ऐटीत पसरत नाही, त्याची मनधरणी करावी लागते. चौतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस आठवडाभर एकाच कोपऱ्यात हात बसवत होता. बायको म्हणाली, "आपल्याकडे दूध माणसांना नाही, भिंत पिते." दाराला जवसाचे तेल आणि मधमाशांचे मेण एकोणीस दिवस चोळले. तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेटतात, म्हणून ती दोरीवर उघड्यावर वाळवली. चुना भिजवताना हातमोजे आणि चष्मा घातला. यात काही चुकले असल्यास सांगावे.

खोली अशी झाली आहे की दुपारी आत गेले तर गार वाटते. मुलगी सहाव्या महिन्यात पाहायला आली होती. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, तिने खोल श्वास घेतला आणि सोडला. मग पुन्हा घेतला. तिने खोलीची स्तुती वगैरे काही केली नाही. नुसता श्वास घेत उभी राहिली, आणि मी विटांची माती डोळ्यांत गेल्याचे निमित्त करून बाहेर आलो.

३. पूर्णत्वाच्या अर्जाचा नमुना मी स्वतः भरला. त्यातील रकाना सात असा आहे : "बांधकामात वापरलेले घातक पदार्थ (किमान एक लिहिणे आवश्यक)". मी तो रिकामा सोडला. अर्ज परत आला. मी "काही नाही" असे लिहिले. त्यावर आलेले उत्तर संदर्भ तीनमध्ये आहे. मग मी प्रामाणिकपणे आठवून "भिजवलेला चुना" असे लिहिले, कारण तो ओला असताना कातडी पोळतो. त्यावर शेरा आला की चुना वाळल्यावर घातक राहत नाही, सबब तो यादीत धरता येत नाही. महोदय, तो वाळला आहे हेच तर मी सांगत होतो.

मी बाईंना विचारले की ज्याच्या घरात विष नाही त्याने काय करायचे. त्या म्हणाल्या, "असं आजवर कोणी आलंच नाही हो."

येथे एक कबुली देणे भाग आहे. ज्या बाकावर मी बसतो त्याच्यामागची भिंत बावीस वर्षांपूर्वी मीच रंगवली आहे. आपले दालनही. तेव्हा तो रंग पोपटी होता, आता त्याला काय म्हणावे ते मलाही सांगता येत नाही. त्या डब्यांत शिसे होते. त्या कामाचा रकाना सात भरून वाहत होता, पुरवणी जोडावी लागली होती. दाखला त्याच दुपारी मिळाला. खिडकी चारच्या बाई दर दोन वाक्यांनंतर खोकतात, आणि त्या खोकल्या की मी मान खाली घालतो. म्हणूनच अकरा वेळा परत पाठवूनही मी त्यांच्याशी एकदाही आवाज चढवलेला नाही, हे त्यांना विचारून खात्री करून घ्यावी.

४. पाचव्या अर्जानंतर आपले निरीक्षक पाहणीस आले. माणूस सभ्य आहे, पायताण बाहेर काढून आत आला. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली आणि विचारले, "हे बिनविषारी आहे कशावरून?" आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. माझे थोरले मामा चुनेवाले होते. त्यांच्या हाताखाली मी पहिली दोन वर्षे काढली. गिलावा पुरता वाळला की नाही हे ते जिभेचे टोक लावून पाहत. कच्चा असला तर चुरचुरतो, पुरता वाळलेला असला तर खडूसारखा लागतो. मला तीच सवय आहे. निरीक्षकांचा प्रश्न ऐकून मी काही विचार न करता वाकलो आणि भिंत चाटली. दोन महिने वाळलेली भिंत होती, काही झाले नाही. "खडूसारखी लागते," असे मी त्यांना सांगितलेही.

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला घरात गेलो. परत आलो तेव्हा समोरच्या भिंतीवर, माझ्या उंचीपेक्षा वीतभर वर, एक ओला ठिपका होता. त्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. निरीक्षकांच्या अहवालातही त्या ठिपक्याचा उल्लेख नाही. अहवालात एवढेच आहे : "अर्जदाराने पाहणीदरम्यान भिंतीचे सेवन केले. सबब सदर भिंत खाद्यपदार्थ आहे किंवा कसे, याविषयी संबंधित विभागाचे मत घेणे उचित होईल."

५. अशा रीतीने माझी खोली अन्न तपासणी विभागाकडे वर्ग झाली. त्यांनी निव्वळ वजन विचारले. मी अंदाजे एकोणीस टन, लोकर वगळून, असे कळवले. घटक उतरत्या क्रमाने मागवले, ते दिले : माती, गवत, चुना, दूध. कोणत्या तारखेपूर्वी वापरावे, असे विचारले. मी लिहिले की छप्पर गळू दिले नाही तर माझ्या नातीच्या नातीपर्यंत चालावे. "थंड व कोरड्या जागी ठेवावे" ही सूचना वेष्टनावर छापण्यास त्यांनी सांगितले. महोदय, ती थंड व कोरडी जागाच आहे, तिला आणखी कोणत्या थंड व कोरड्या जागी ठेवू?

त्यांचे अधिकारी डोक्याला जाळीची टोपी घालून आले. आम्हा नवराबायकोलाही टोप्या दिल्या. त्यांनी तत्परतेने तपासणी केली आणि दोन हरकती नोंदवल्या. पहिली, खाद्यपदार्थाच्या साठ्यात माणसांनी झोपू नये. दुसरी, सदर पदार्थावर कीटक आढळला. तो एक सुरवंट होता आणि उंबऱ्यावरून आपल्या कामाने चालला होता. शेवटी त्यांनी असे कळवले की पदार्थात काही घातक आहे की नाही याचा दाखला बांधकाम विभागाकडून आल्याशिवाय तो खाण्यायोग्य ठरवता येत नाही. आपल्या कार्यालयाने कळवले की तो खाण्यायोग्य ठरल्याशिवाय घातक नसल्याचा दाखला देता येत नाही. दोन्ही पत्रे मला एकाच दिवशी, एकाच टपालात मिळाली. बायकोने ती वाचली आणि म्हणाली, "यांचं एकमेकांशी लग्न लावून द्या."

६. त्यानंतर नमुने मागवण्यात आले. मी तीन बरण्या खिडकी चारवर जमा केल्या : एकीत साय काढलेले दूध, दुसरीत वाळलेला चुना, तिसरीत पिवळी माती. रीतसर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. प्रयोगशाळेत दोनच बरण्या पोचल्या. मी चौकशीला गेलो तेव्हा बाई जरा अडखळल्या, मग म्हणाल्या, "काका, त्या दिवशी चहाला दूध संपलं होतं. आणि खरं सांगू? चहा बरा झाला होता." मी राग मानला नाही. उलट, पूर्ण शाखेने माझ्या रंगाचा मुख्य घटक सेवन केला आणि दुसऱ्या दिवशी सर्व जण कामावर हजर होते, ही गोष्ट माझ्या बाजूचा पुरावा म्हणून फाइलला लावावी, अशी सहाव्या अर्जात विनंती केली होती. ती फेटाळण्यात आली.

मी दुधाची नवी बरणी दिली. ती आपल्या साठाखोलीत नऊ दिवस राहिली. त्यानंतर शेरा आला : "तीव्र दुर्गंधी, घातक असल्याचा दाट संशय." महोदय, तो शेरा वाचून मला झालेला आनंद मी लपवत नाही. मी धावत घरी गेलो आणि बायकोला सांगितले की एकदाचे विष सापडले. आम्ही रकाना सातसाठी पेनसुद्धा काढून ठेवले. पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यात एकच शब्द होता : "दही".

७. आता जे लिहितो ते कोणाच्या विरुद्ध म्हणून लिहीत नाही. आपल्या कार्यालयातील एका भल्या माणसाने मला जिन्यात गाठून सल्ला दिला, "कशाला जिवाला त्रास करून घेता? तेलरंगाचा एक हात मारा, रकान्यात लिहा, दाखला घ्या, मग खरवडून काढा." त्यांचा हेतू चांगला होता. मुलीला आठवा लागला होता. मी दुकानात गेलो, डबा आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवून त्याचे झाकण पेचकसाने उघडले.

मला वास येत नाही, हे वर सांगितले आहेच. मला नुसता सुंदर, चकचकीत रंग दिसला. खरे सांगायचे तर हात शिवशिवले. चौतीस वर्षांची दोस्ती होती. मी ब्रश बुडवणार एवढ्यात फाटकाशी खोकला ऐकू आला. मुलगी न कळवता आली होती. फाटक आणि खोली यांत पंचवीस पावले आहेत. ती तिथेच कठडा धरून उभी राहिली आणि पिशवीत दम्याचा पंप शोधू लागली, आणि तेवढ्यातही हाताने मला खुणा करत होती की काही नाही, काही नाही, तुमचे चालू द्या. लहानपणी ती असेच करायची. मी कामावरून आलो की खोकता खोकता मला सांगायची की बाबा, तुमच्यामुळे नाही.

मी झाकण हातोडीने ठोकून बसवले. डबा दुकानदाराला परत दिला. तो हात मी मारणार नाही, दाखला मिळाला नाही तरी. त्या दिवशी मला फार लाज वाटली, हे नमूद करून ठेवतो.

८. साठ दिवसांत दाखला न मिळालेले बांधकाम विनापरवाना वापर होऊ नये म्हणून बंद करावे, असा आपला नियम असल्याचे मला तीन आठवड्यांपूर्वी समजले. आपल्या कार्यालयाचा एक माणूस कुलूप, लाख, एक डबा आणि ब्रश घेऊन आला. त्याने दाराला कुलूप लावले, मोहोर केली आणि दारावर लाल तैलरंगाने हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिले : "धोका. आत राहण्यास मनाई."

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. कामाबद्दल आहे. दारावर मेण चढलेले होते. मेणावर तैलरंग धरत नाही, हे त्या माणसाला मी हात जोडून सांगितले. तो म्हणाला, "काका, मी रंगारी नाही, मी शिपाई आहे." ते दिसतच होते. "धोका"चा काना कडीपर्यंत घसरला. "मनाई"चा ओघळ उंबरा ओलांडून पायरीवर आला. ब्रशचे केस अक्षरांत चिकटून राहिले. धोका लिहायचा तर निदान ओळीत लिहावा. चौतीस वर्षांत मी असे काम सोडून गेलो असतो तर गिऱ्हाइकाने मला शिडीवरून ओढले असते. त्याला मात्र मी पाणी दिले आणि रिकामा डबा मागून घेतला. तो त्याने दिला.

गेले तीन आठवडे मी त्या दारासमोर खुर्ची टाकून बसतो. आत एक पाळणा आहे, त्यालाही जवसाचे तेल लावले आहे, कारण बाळे कठडा चावतात. बायको विचारते, "कशाची राखण करता?" मी खुर्ची आणखी थोडी दाराजवळ ओढतो.

९. परवा दवाखान्यातून नात पाहून आलो आणि खुर्चीत बसलो. दाराकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आले की माझ्या खोलीत आता विष आहे. ते आपणच पुरवले आहे. मी लगेच अर्जाचा नमुना घेतला आणि रकाना सात भरला. तो सोबत जोडला आहे, तरी सोयीसाठी येथे उतरवतो :

पदार्थाचे नाव : लाल तैलरंग (मंजूर यादीत अनुक्रमांक तीनवर आहे, खात्री केली आहे).
प्रमाण : लहान वाटीभर, ओघळ धरून.
वापरलेले ठिकाण : दाराची बाहेरची बाजू, उंबरा, एक पायरी.
पुरवठादार : इमारत परवानगी कार्यालय, दुसरा मजला.
धोक्याचे स्वरूप : डब्यावर छापल्याप्रमाणे, "लहान मुले व बाळंतिणी यांच्यापासून दूर ठेवावे".
घेतलेली खबरदारी : लहान मूल व बाळंतीण यांना खोलीबाहेर ठेवले आहे.

अर्ज आता पूर्ण आहे. यापुढे तो अपूर्ण ठरवायचा झाल्यास तो रंग घातक नाही असे आपणास लिहून द्यावे लागेल, आणि तसे लिहून दिल्यास मग दारावर "धोका" कशाचा, हेही सांगावे लागेल. दाखला मिळाल्यावर ती अक्षरे मी स्वतः खरवडून काढीन. तोंडाला फडके बांधून, मुलगी घरी येण्याच्या आदल्या दिवशी, वारा पलीकडे वाहत असताना. त्यासाठी कार्यालयाने माणूस पाठवू नये, ही वेगळी विनंती.

१०. आता शुक्रवारचे. मी कायदा मानणारा माणूस आहे. कुलूप तोडणार नाही, मोहोरेला बोट लावणार नाही. परंतु कुलूप दाराला आहे, मोहोर दाराला आहे आणि सूचनाही दारावरच आहे. भिंतीवर आपले काही नाही. ती माझी भिंत आहे आणि ती मातीची आहे.

मागच्या बाजूस एक खिडकी आहे. बाळंतिणीला खिडकीतून चढून जा असे सांगणे माझ्याने होणार नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी खिडकीखालचा गिलावा दोन हात रुंदीत खरवडीन, आणि उघड्या विटांवर ओली पोती लावून ठेवीन. खिडकीच्या चौकटीचा भार बाजूंना गेलेला असल्यामुळे वरून काही पडणार नाही. दोन तासांत माती लोण्यासारखी कापता येईल. साडेदहापर्यंत तेथे दार होईल. जी माती निघेल ती घमेल्यांत भरून ओल्या पोत्याखाली ठेवीन. आपला दाखला ज्या दिवशी येईल त्या दिवशी तीच माती, तेच गवत, त्याच जागी परत बसवीन आणि वरून चुना ओढीन. नवीन साहित्य लागणार नाही, म्हणून नवीन अर्जही लागणार नाही. दुसऱ्या कोणत्याही भिंतीला हे जमले नसते. हा या साहित्याचा एक गुण आहे, पण तो आपल्या नमुन्यातील कोणत्याही रकान्यात मावत नाही.

स्वतः उभारलेली भिंत स्वतःच्या हाताने भिजवायची म्हणजे माझ्या जिवावर येणार आहे. खिडकीजवळच्या त्या कोपऱ्यातच मी रंग देताना आठवडाभर हात बसवला होता. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मी आपल्या बाकावर, डावीकडून दुसऱ्या जागी, बसलेला असेन. आपण दालनातून बाहेर येऊन नुसती मान हलवलीत तरी मला समजेल आणि मी घरी जाऊन भिजत घातलेली पोती वाळत घालीन.

नाहीतर शुक्रवारी अकरा वाजता आपणच या. मी नातीला घेऊन मागच्या बाजूने आत जाईन, पुढच्या दाराचे कुलूप जसेच्या तसे असेल, आणि आपले निरीक्षक बरोबर असतील तर त्यांना भिंत कुठे चाटायची ते ठाऊक आहे.

आपल्या भिंतींचा अपराधी आणि माझ्या भिंतीचा मालक,

(सही)
एक निवृत्त रंगारी

दिनांक : चौदा, मंगळवार (शुक्रवारला तीन दिवस)

सोबत जोडलेले कागद व वस्तू :
१) रकाना सातसह पूर्ण भरलेला अर्जाचा नमुना.
२) लाल रंगाच्या रिकाम्या डब्यावरील लेबल, इशाऱ्याच्या मजकुरासह.
३) "दही" असा प्रयोगशाळेचा अहवाल, मूळ प्रत.
४) भिंतीचा एक तुकडा, काड्यापेटीत. हरवल्यास किंवा खाल्ल्यास तक्रार नाही.
५) माझ्या मुलीच्या पंपाच्या चिठ्ठ्या, वय वर्षे तीन ते एकोणतीस. या कोणत्याही कार्यालयाने कधी मागितल्या नव्हत्या.